मदत हवी आहे: पाद्रीच्या पांढऱ्या झग्यासाठी कापड कोणतं घ्यावं?

भाच्याची गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा विधी, जानेवारीत आहे. मामाकडून झगा द्यायचा ठरलंय. पांढराच हवा, काळा आपल्या हवेत कोण घालणार? रोमन पद्धतीचा, पुढे बटणांची एकच रांग. पारंपरिक ३३ बटणांचा हट्ट नाही. रोजच्या वापराचा आहे, त्यामुळे बटणपट्टीखाली चेन चालेल. जांभळी किनार अर्थातच नको, ती वरच्या पदाच्या लोकांची.

अडलंय कापडावर. दादर, वांद्रे दोन्हीकडे फिरून झालं. शुद्ध सुती घेतलं तर तासाभरात चुरगळतं, आणि भाचा इस्त्रीच्या वाटेला जाणारा नाही. नुसतं पॉलिएस्टर मे महिन्यात अंगाला चिकटतं. टेरिकॉट, म्हणजे ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुती, त्यातल्या त्यात बरं वाटलं. पण पातळ पांढऱ्यातून गडद पँट सरळ दिसते. शिंपी म्हणतो पूर्ण अस्तर लावा. मग उकाड्याचं काय?

तयार झगा नको, भाचा उंच आहे, घोट्यापर्यंत पोचत नाही. बजेट शिलाईसकट चार हजार. धुणं घरच्या मशीनमध्येच.

वसई-गोराई-उत्तनकडच्या ज्यांच्या घरात फादर आहेत त्यांनी सांगावं: जाड टेरिकॉट बिनअस्तराचं घ्यावं, की पातळ घेऊन फक्त कमरेखाली अस्तर लावावं?