गोठ्यात लेकरं नेताना: सॅनिटायझर, निरसं दूध आणि हगवण लागलेलं वासरू

उदगीरचा_गोठा
दिवाळीत भाचरं येतायत, एक ३ वर्षांचं, एक ७ वर्षांचं. गोठ्यात दोन देवणी गायी, पाच उस्मानाबादी शेळ्या, करडं आणि एक तान्हं वासरू. वासराला हगवण लागलीय. दाराशी सॅनिटायझर ठेवलं तर भागेल का? आजीला लेकरांना धारोष्ण दूध पाजायचंय, ते चालेल का?

पशुवैद्य_नांदेड
सॅनिटायझरनं भागणार नाही. शेणानं माखलेल्या हातावर ते नीट चालत नाही. शिवाय तान्ह्या वासरांच्या हगवणीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पुष्कळदा असतो, तो अल्कोहोलनं मरत नाही. साबणानंही मरत नाही, पण चोळल्यानं सुटतो आणि वाहत्या पाण्यासोबत निघून जातो. म्हणून पाणी वाहतंच हवं.

गोठ्याबाहेर, दावणीपासून लांब, तोटीची २० लिटरची कॅन उंचावर ठेवा. साबण लावून २० सेकंद चोळायचं: नखं, बेचक्या, मनगटं. पाणीटंचाई असेल तर चोळताना तोटी बंद ठेवा. जनावरांच्या हौदात हात बुचकळू देऊ नका. आणि हात पदराला पुसायचे नाहीत! त्याच पदरानं कधी कास पुसलेली असते, धुतलेलं सगळं वाया जातं.

वासरू वेगळं बांधा, त्याचं सगळ्यात शेवटी करा. धाकट्याला त्याच्याजवळ अजिबात नेऊ नका, थोरल्यालाही ते बरं होईपर्यंत लांबूनच दाखवा. खाऊ, दुधाची बाटली, खेळणी गोठ्यात न्यायची नाहीत. चपला बाहेरच काढायच्या.

बालरुग्ण_परिचारिका
निरसं दूध नकोच, आजींना प्रेमानं पण ठाम सांगा. धडधाकट गायीच्या आतड्यातही ई. कोलाय ओ१५७ नावाचा जंतू असू शकतो. धार काढताना शेणाचा एक कण पडला तरी तो दुधात उतरतो. पाच वर्षांखालच्या लेकरांत त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दूध वर येऊन उकळू द्या, मग द्या.

घरी परतल्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. जुलाब झाले तर ओआरएस. शीमध्ये रक्त दिसलं, लघवी कमी झाली, चेहरा फिकट पडला तर लगेच दवाखाना. जुलाब बांधणारं औषध मनानं देऊ नका, आणि लेकरू गोठ्यात गेलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेळीपालक_बीड
करडांची तोंडं बघून घ्या. ओठांवर खपल्या असतील तर तो मावा नावाचा रोग, हाताला खरचटलेलं असेल तर माणसालाही होतो. गाभडलेली (गर्भ पडलेली) किंवा नुकतीच व्यालेली शेळी असेल तिकडे लेकरं नकोत. वार (व्याल्यावर पडणारी झार), गळणारं पाणी यातून ब्रुसेला हा जंतू पसरतो. वार हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा. कालवडींना ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच देतात, राहिली असेल तर विचारून घ्या. गुरांचा लम्पी त्वचारोग मात्र माणसाला होत नाही.

एखादं जनावर लाळ गाळतंय, गिळता येत नाही असं दिसलं तर घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका, रेबीज असू शकतो. लाळ लागलीच तर १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

उदगीरचा_गोठा
वासरू आजच वेगळं बांधतो. चिकाचं काय? खरवस करायचाय.

बालरुग्ण_परिचारिका
कच्चा चीक चाटवू नका. वाफेवर मधोमधपर्यंत घट्ट झालेला खरवस चालतो. मध्ये सुरी घालून बघा, पातळ लागलं तर आणखी वाफवा.