मदत हवी आहे: नांदूरमध्यमेश्वरच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या, तर चक्रवाक मे महिन्यात दिसतायत

गोदापक्षी | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तातडीने मदत हवी आहे. आमचा नाशिकचा पक्षीमित्रांचा गट नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दरवर्षी पक्ष्यांची गणना करतो. सगळ्या वर्षांच्या एक्सेल फाइल मी एका शीटमध्ये आणल्या आणि आलेख काढला, तर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही फक्त हिवाळ्यात येणारी बदकं मे-जून-ऑगस्टमध्ये दिसतायत! काही वर्षी काही पक्षी एकदम शून्यावर. सोमवारी बैठकीत अहवाल ठेवायचा आहे. हे दुरुस्त कसं करायचं? कृपया ‘आधी एक्सेल नीट शिका’ असे सल्ले नकोत, नेमकं काय दाबायचं ते सांगा.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री ९:५८

तारखा फाइलमध्ये कशा लिहिल्या आहेत? सगळ्या फाइल एकाच कॉम्प्युटरवर भरल्या की वेगवेगळ्या? शून्य मुळातच होतं की एकत्र केल्यावर आलं? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तारखेच्या रकान्याचा फोटो टाका.

सह्यवेडा | शुक्रवार, रात्री १०:१५

यात दुरुस्त काय करायचंय? हवामान बदलतंय, पक्ष्यांचं वेळापत्रक बदलतंय, तुमचा आलेख तेच सांगतोय. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर एक चक्रवाक पाहिला आहे. हे निष्कर्ष दाबू नका, अहवालात ठळक मांडा.

कडवाकाठ | शुक्रवार, रात्री १०:३२

सह्यवेडा, एखादा जखमी किंवा अशक्त पक्षी मागे राहतो, तो मीही पाहिलाय. पण चक्रवाक उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे विणीला जातात. मे महिन्यात नांदूरला थव्याने चक्रवाक? मी निफाड तालुक्यातलाच आहे, पाण्यावर येणं-जाणं रोजचं. असं काही नाही. असला अहवाल गेला तर पुढच्या वेळी आपल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. २०१९ साली ही जागा रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आली, महाराष्ट्रातली पहिली. आता इथल्या नोंदी बाहेरचेही लोक बघतात.

ताईंच्या मूळ प्रश्नाला उत्तर म्हणून: सगळं ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, टाका आणि मोकळे व्हा. तिथे तारीख, जागा, किती वेळ पाहिलं, सगळं विचारतातच. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हे २०२० आणि २०२३चे अहवाल त्याच नोंदींवर उभे आहेत.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री १०:४१

कडवाकाठ, चुकीच्या तारखा ईबर्डवर टाकल्या तर त्या तिथेही चुकीच्याच राहतील. आधी घर साफ, मग पाहुणे.

गोदापक्षी | शुक्रवार, रात्री ११:०५

तारखा नेहमीसारख्याच लिहिल्या आहेत, त्यात विशेष काही नाही. गणना जानेवारीत होते हे सगळ्यांना माहीतच आहे, कधीतरी फेब्रुवारीचा पहिला आठवडा. फाइल गटातल्या वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या घरी भरल्या. एकजण नोकरीनिमित्त बाहेर असतो, बऱ्याच फाइल त्याच्या लॅपटॉपवरच्या आहेत. शून्य कुठून आलं ते कळत नाही.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री ११:२०

गणना जानेवारीतच होते, हीच तर किल्ली आहे!

त्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन आहे, पैज लावून सांगतो. तिथे आधी महिना, मग दिवस. तुमच्या माणसाने ५/१/२०१८ लिहिलं, म्हणजे ५ जानेवारी. एक्सेलने ते १ मे म्हणून ठेवलं. २३/१/२०१८ लिहिलं तेव्हा तेविसावा महिना नसल्यामुळे एक्सेलने त्याची तारीख केलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवलं. दोन्ही पडद्यावर तारखेसारखेच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

ओळखायची खूण: रकाना रुंद करा आणि डावी-उजवी मांडणी मुद्दाम बदललेली असेल तर ती काढा. खरी तारीख उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. आता मे-जूनचे चक्रवाक बघा. त्या सगळ्या तारखा महिन्याच्या १ तारखेच्या आहेत का?

गोदापक्षी | शुक्रवार, रात्री ११:३४

हो!! १ मे, १ जून, १ ऑगस्ट. सगळ्या १ तारखेच्याच. दोन-तीन ठिकाणी २ तारीख आहे.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री ११:४५

२ तारखेच्या त्या फेब्रुवारीतल्या. २ मे म्हणजे ५ फेब्रुवारी.

आता मूळ फाइलना हात लावू नका. सगळ्यांची प्रत काढून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नंतर कधीही उघडून सेव्ह करू नका. प्रतीत काम करा. डाव्या कडेच्या तारखा निवडा, डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स, शेवटच्या पायरीला डेट, त्यात डीएमवाय (आधी दिवस, मग महिना, मग वर्ष). उजव्या कडेच्या उलटलेल्या तारखांसाठी शेजारी नवा रकाना घ्या आणि डेटच्या सूत्रात आधी वर्ष, मग दिवस, मग महिना द्या. त्याने अदलाबदल होते. हे फक्त त्या लॅपटॉपवरच्या फाइलना. भारतीय सेटिंगवर भरलेल्या फाइलमध्ये तारखा मुळात बरोबर आहेत, तिथे हे सूत्र लावलंत तर नव्याने गोंधळ.

पुढे कायमसाठी वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने ठेवा. साधे आकडे असले की कुठलाही कॉम्प्युटर त्यात ढवळाढवळ करत नाही.

रानफूल | शनिवार, सकाळी ७:१०

नांदूरला उद्या जायचा विचार आहे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आलेत का? निफाडमार्गे जावं की दुसरा रस्ता?

दुर्बीणवाले काका | शनिवार, सकाळी ७:४८

रानफूल ताई, निफाडमार्गेच या. चापडगावच्या मनोऱ्यावरून चांगलं दिसतं, मात्र उजाडायच्या आत पोहोचा. दुर्बीण घेताना आठ बाय बेचाळीसच (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिमी भिंगाची) घ्या. दहा बाय पन्नास घेऊन लोक फसतात, हात थरथरतो आणि पक्षी हलतच राहतो. माझ्याकडची पंचवीस वर्षं टिकली आहे.

गोदापक्षी | शनिवार, सकाळी ८:२०

कृपया विषयावर राहू या, माझ्याकडे दोनच दिवस आहेत. पाटीपेन्सिल, तुमच्या युक्तीने नांदूरच्या तारखा बसल्या, मनापासून आभार. याच शीटमध्ये अंजनेरीच्या पठारावरच्या कंदीलपुष्पाच्या (कंदिलासारखं फूल येणाऱ्या दुर्मिळ रोपाच्या) नोंदी आहेत, त्याच मित्राच्या लॅपटॉपवर भरलेल्या. त्यांनाही हेच सूत्र लावते.

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ८:२४

थांबा, लावू नका!

नांदूरला आपण वाचलो कारण गणना जानेवारीत असते, चुकलेली तारीख लगेच उघडी पडते. कंदीलपुष्प पावसाळ्यात फुलतं. ८ सप्टेंबर उलटली तर ९ ऑगस्ट होते, आणि दोन्ही दिवशी फूल असू शकतं. नुसतं बघून कोणती खरी ते सांगता येणार नाही. आणि त्यातल्या काही ओळी दुसऱ्या कोणी भरून नंतर चिकटवल्या असतील, तर सूत्र चांगल्या तारखाही उलटवेल. फुलोरा दरवर्षी लवकर येतोय की उशिरा, हेच तुम्हाला पुढे बघायचं असेल ना? मग इथला एक महिन्याचा घोळ म्हणजे सगळ्या वर्षांची मेहनत पाण्यात. कागदावरच्या नोंदी आहेत का? फोटो आहेत का?

गोदापक्षी | शनिवार, सकाळी ९:०२

फोटो भरपूर आहेत, पण बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. कागदाच्या वह्या ओझरला एका सदस्याकडे आहेत.

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ९:१५

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून काढल्याची तारीख निघून जाते. पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावात ज्या दिवशी आला ती तारीख असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. लोक बहुधा त्याच संध्याकाळी पाठवतात, तेवढ्यावर ऑगस्ट की सप्टेंबर हे नक्की ठरतं. ज्यांनी फोटो काढले त्यांच्या फोनमध्ये मूळ फोटो असतील तर उत्तम, त्यात तारीख-वेळ शाबूत असते. आणि वह्या आजच आणा.

रानफूल | शनिवार, सकाळी ९:४०

अंजनेरीला कंदीलपुष्प नेमकं कुठे आहे? जागेचे आकडे इथे टाकाल का? मलाही बघायचंय.

अंजनीपुत्र | शनिवार, सकाळी ९:५२

नको, नको. इथे अजिबात टाकू नका. हे कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका, फार थोड्या जागी आहे, आणि या कुळातल्या रोपांचे कंद लोक खणून नेतात. २०१७ पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे म्हणून सगळं सुरक्षित आहे असं समजू नका. फूल बघायला आलेल्यांच्या पायाखालीही रोपं जातात. गोदापक्षी ताई, अहवालातही नेमकी जागा देऊ नका. ‘पठार, पश्चिम भाग’ एवढं पुरे. खरे आकडे वेगळ्या फाइलमध्ये, दोघातिघांकडेच. गिधाडांच्या घरट्यांनाही हाच नियम.

रानफूल | शनिवार, सकाळी १०:०५

माझा हेतू तसा नव्हता, पण पटलं.

दूरचा नाशिककर | शनिवार, सकाळी ११:३०

मी सिअ‍ॅटलजवळ असतो. इथल्या उद्यानांत सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जातो, म्हणून लिहितोय. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने देशातल्या उद्यानांचे ३२ गट करून वर्षानुवर्षं निरीक्षण चालवलंय. आमच्या बाजूच्या गटात समुद्रकाठ आणि हिमशिखरं दोन्ही येतात: ऑलिंपिकच्या खडकाळ किनाऱ्यावरचे भरती-ओहोटीतले जीव, माउंट रेनियरच्या उतारावरचे पक्षी. नॉर्थ कॅस्केड्समध्ये १९९३ पासून काही हिमनद्यांचं बर्फ दरवर्षी मोजतात. माणसं बदलली तरी मोजणी तुटत नाही, कारण मोजायची रीत टप्प्याटप्प्याने लिहून ठेवलेली असते: कुठे उभं राहायचं, किती वेळ, कुठला रकाना कसा भरायचा. त्या कागदाच्या सुरुवातीलाच कोणी, कधी, काय बदललं आणि का, याची यादी असते. पद्धत बदलायची झाली तर काही काळ जुनी आणि नवी दोन्ही शेजारी-शेजारी चालवायची.

सह्यवेडा | शनिवार, दुपारी १२:१०

तिकडे पगारी माणसं आहेत, गाड्या आहेत. इथे रविवारी स्वतःच्या पेट्रोलने जाणाऱ्यांना हे कागदी घोडे कशाला?

कडवाकाठ | शनिवार, दुपारी १२:३५

सह्यवेडा, चार ओळी लिहायला पगार लागत नाही. दरवर्षी मनोऱ्यावर कोण उभं होतं, धुकं होतं का, पाणी किती होतं, हे वहीत लिहिलं असतं तर आज ताईंना इतकं धावावं लागलं नसतं. नांदूरला तर पाण्याची नोंद हवीच हवी. वरून दारणा-गंगापूर धरणांचं पाणी आलं की बंधारा तुडुंब, कालव्यांना आवर्तन सुटलं की पाणी उतरतं. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, चिखलात टोचणारे पाणथळी पक्षी जवळ येतात आणि बदकं आत सरकतात. एकाच आठवड्यात आकडा निम्मा होतो, आणि पक्षी कमी झालेला नसतो.

गोदापक्षी | शनिवार, रात्री ८:४५

ओझरहून वह्या आणल्या. एका पानावर असं आहे: ‘सकाळी दाट धुकं, मनोऱ्यावरून काही दिसलं नाही, नऊनंतर मोजलं. चक्रवाक –. वारकरी पुष्कळ.’ (वारकरी म्हणजे तो काळा पाणपक्षी.) हे शीटमध्ये कसं भरलंय बघा: चक्रवाक ०, वारकरी ०. ‘पुष्कळ’ला आकडा नाही म्हणून शून्य! २०२१च्या जानेवारीत करोनामुळे दोन ठिकाणी कोणी गेलंच नव्हतं, तिथेही सगळी शून्यं.

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ९:१०

तुमच्या शून्यांचं कोडं सुटलं. शून्य फक्त एकाच वेळी: गेलो, नीट पाहिलं, पक्षी नव्हता. गेलोच नाही तर रकाना रिकामा. होता पण मोजला नाही तर ‘होता’ एवढंच, शेजारच्या वेगळ्या रकान्यात. वहीतली आडवी रेघ म्हणजे ‘नव्हता’ की ‘दिसला नाही’, हे ज्याने लिहिलं त्यालाच फोन करून विचारा, अंदाजाने भरू नका.

कडवाकाठ | शनिवार, रात्री ९:२२

ईबर्डवरही हेच आहे. मोजला नाही तर आकड्याऐवजी एक्स टाकायचा. आणि कंदीलपुष्प तिथे चालणार नाही, तिथे फक्त पक्षी, म्हणून अंजनेरीची फाइल वेगळीच ठेवा.

नावंही तपासा. एकाने तलवार बदक लिहिलं, दुसऱ्याने पिनटेल, तिसऱ्याने नावाच्या शेवटी एक जागा सोडली, की एक्सेलच्या लेखी ते तीन पक्षी. शास्त्रीय नावावरही पूर्ण विसंबू नका. गडवाल बदक आधी अनास स्ट्रेपेरा होतं, आता मरेका स्ट्रेपेरा. एका पानावर तुमचीच पक्ष्यांची यादी करा, प्रत्येकाला एक क्रमांक द्या, बाकी सगळीकडे तो क्रमांक.

गोदापक्षी | रविवार, दुपारी ४:१५

नांदूरचे आकडे आता वहीशी जुळले. चक्रवाक जानेवारी-फेब्रुवारीतच आहेत. अंजनेरीचा भाग सोमवारच्या अहवालातून काढलाय, फोटो तपासून झाल्यावर देऊ. गटातल्या सगळ्यांना मूळ फोटो पाठवायला सांगितलंय. एकच शंका उरली: एका वर्षाच्या वहीची चार पानं भिजून शाई पसरली आहे, खानगाव थडीच्या बाजूचे आकडे वाचता येत नाहीत, पण बाकी ठिकाणं स्वच्छ आहेत. ते वर्ष आलेखातून गाळू का?

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी ४:३०

वर्ष गाळू नका. ती जागा रिकामी ठेवा, शेऱ्यात ‘वही भिजली, वाचता येत नाही’ लिहा. मात्र त्या वर्षाची एकूण बेरीज बाकी वर्षांच्या शेजारी ठेवू नका, एक ठिकाण कमी असताना ती कमी दिसणारच. ठिकाणवार आलेख काढा, म्हणजे मनोऱ्याची तुलना मनोऱ्याशीच होईल. आणि भिजलेल्या पानांचे उन्हात फोटो काढून ठेवा, शाई आणखी फिकी व्हायच्या आत.