जुन्या, जमवलेल्या वस्तूंनी नाताळसाठी घर कसे सजवावे?

ओटीवरून

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही वसईजवळच्या गावातल्या आमच्या जुन्या कौलारू घरात राहायला आलो. आजी गेल्यानंतर हे घर तीन वर्षे बंद होते. यंदाचा नाताळ हा आमचा येथला दुसरा नाताळ आहे आणि पहिल्या वर्षी झालेली चूक पुन्हा होऊ नये, म्हणून येथे विचारत आहे.

आजीच्या मागे राहिलेल्या वस्तू थोड्याच आहेत, पण मला त्या फार जवळच्या वाटतात: माठारकाम (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) केलेले तांब्याचे घंगाळ, एक मोठी पितळी परात, घासलेटचे दोन कंदील, एक लाकडी पेटी आणि तिच्या हातची क्रोशाची तीन आसने. गेल्या पाच-सहा वर्षांत मी स्वतः मुंबईच्या चोरबाजारातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून हळूहळू आणखी वस्तू जमवल्या. त्यांत पातळ काचेचे अकरा रंगीत गोळे आहेत, इनॅमलचे दोन ट्रे आहेत, निळ्या-हिरव्या काचेच्या बरण्या आहेत आणि गोठ्यातल्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती आहेत. मूर्ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळाल्यामुळे मरिया आणि योसेफ वीतभर उंच आहेत, मेंढपाळ त्यांच्या निम्म्याने आहेत, आणि बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांपैकी दोनच मिळाले असून त्यांतल्या एकाचा हात मनगटापासून तुटलेला आहे.

गेल्या वर्षी मी हे सर्व पुढच्या खोलीत एकदम मांडले. प्रत्येक फळीवर, प्रत्येक कोनाड्यात काहीतरी ठेवले आणि वरून पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या चार माळा सोडल्या. सासूबाई आल्या, खोलीभर पाहिले आणि एवढेच विचारले, "गोठा कुठे मांडला आहे?" गोठा त्यांच्या समोरच होता, पण तो दिसत नव्हता.

यंदा नवीन खर्च दोन हजार रुपयांच्या आत ठेवायचा आहे. एवढ्या भिन्न वस्तू एकत्र कशा नांदवाव्यात, लहानमोठ्या मूर्तींचे काय करावे आणि काचेचे गोळे स्वच्छ कसे करावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

समुद्रकाठी

ताई, गोठा समोर असूनही दिसला नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते मांडणीची सुरुवात तेथूनच करावी. आधी पुढची खोली पूर्ण रिकामी करा, गोठ्याची जागा ठरवा, आणि मग प्रत्येक जुनी वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: या सणात हिला काही काम आहे का? आजीचे घंगाळ शोभेसाठी नव्हते, त्यात अंघोळीचे पाणी काढले जात होते. परातीत पीठ मळले जात होते. जुनी वस्तू नुसती मांडून ठेवली की ती विकायला ठेवल्यासारखी दिसते, आणि तिच्याकडे काही काम सोपवले की ती घरातली होते. आमच्या घरी हा नियम आम्ही बारा वर्षे पाळत आहोत आणि दरवर्षी निम्म्या वस्तू पेटीतच राहतात.

परातीला गोठ्याची जमीन करा. आपल्याकडे गोठ्यात हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरतात, ते आपल्याला ठाऊक असेलच. पण दोन्ही एकत्र वापरून पाहा. गहू रात्रभर भिजवावा, परातीत दोन बोटे माती पसरून त्यावर दाट पेरावा, पहिले दोन दिवस ओल्या फडक्याने झाकावा आणि नंतर उजेडात ठेवून रोज पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. परातीला खाली भोक नसते, त्यामुळे पाणी साचू देऊ नये, नाहीतर मुळे कुजून वास येतो. 13 किंवा 14 डिसेंबरला पेरलेला गहू नाताळच्या रात्रीपर्यंत चांगला हातभर नसला तरी बोटभराहून उंच नक्कीच होतो. नाचणीचे रोप याहून बारीक आणि बुटके राहते.

याच फरकात आपल्या लहानमोठ्या मूर्तींचे उत्तर आहे. मरिया आणि योसेफ यांना पुढे, उंच गव्हाजवळ ठेवावे. मेंढपाळांना मागे, विटा आणि पोती रचून केलेल्या टेकडीवर, नाचणीच्या बारीक हिरवळीत ठेवावे. मागची मूर्ती लहान आणि तिच्याभोवतीचे गवतही बारीक असले, की ती डोळ्यांना लहान न वाटता दूर वाटते. एकाच मापाचा संच असता तर हा दूरपणा साधला नसता.

तुटलेल्या हाताचा राजा मात्र दुरुस्त करू नये, असे मला मनापासून वाटते. सिमेंटने किंवा एम-सीलने केलेला नवा हात नेहमी वेगळा दिसतो आणि त्यावर दिलेला रंग जुन्या रंगाशी जुळत नाही. त्याला तिरका उभा करा. शिवाय राजांना पहिल्याच दिवशी गोठ्यात आणायचे नसते. आमच्याकडे ते 24 डिसेंबरला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत असतात आणि मुले त्यांना रोज थोडे थोडे पुढे सरकवतात. 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते गोठ्यापाशी पोहोचतात. तिसरा राजा पुढच्या एखाद्या रविवारी बाजारात सापडेल, तोपर्यंत दोघे चालत राहिले तरी हरकत नाही. बाळ येशूची जागाही मध्यरात्रीच्या मिस्सेहून (चर्चमधल्या उपासनेहून) परत येईपर्यंत रिकामीच ठेवावी.

संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिल्यांदा गोठ्याचा देखावा केला, तेव्हा त्यात चारा भरलेली गव्हाण आणि खरे बैल-गाढव होते असे सांगतात. त्या देखाव्यातली प्रत्येक गोष्ट रोजच्या वापरातली होती. आपल्याकडे त्या जागी यंदाच्या कापणीचा भाताचा पेंढा आहे, तोच वापरावा.

कसबा पेठ

मी धातूच्या आणि काचेच्या जुन्या वस्तू बरीच वर्षे जमवत आलो आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

काचेच्या गोळ्यांना पाणी लावू नका. पातळ काचेच्या जुन्या गोळ्यांची चकाकी आतल्या बाजूला दिलेल्या रुपेरी थरामुळे असते आणि बाहेरचा रंग पुष्कळदा पाण्यात विरघळणारा असतो. ओल्या फडक्याने पुसले तर रंग निघतो, आणि टोपणाच्या भोकातून पाणी आत गेले तर रुपेरी थरावर काळे डाग पडतात, जे पुन्हा कधीही जात नाहीत. चित्रकलेचा मऊ कोरडा ब्रश घेऊन, हातात गादीसारखे फडके धरून, हळूहळू धूळ झटकावी. वरचे पत्र्याचे टोपण गंजलेले असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये. गोळ्याच्या मानेभोवती सुती दोरा गुंडाळून त्यावरच गोळा टांगावा. वसईची हवा दमट, त्यामुळे नाताळ झाल्यावर अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक गोळा ठेवून ते ट्रे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात.

अकरा गोळ्यांसाठी अख्खे झाड सजवण्याचा आग्रह धरू नये, कारण मोठ्या झाडावर ते विखुरतात आणि उरलेली जागा भरण्यासाठी पुन्हा प्लास्टिक विकत घ्यावे लागते. त्यांतले पाच-सहा आपल्या निळ्या-हिरव्या बरणीत ठेवून मागे एक छोटा दिवा लावला, तर काचेतून काच दिसते आणि कोपरा उजळतो.

तांबे आणि पितळ चिंचेने घासावे, पण सोन्यासारखे लखलखीत करण्याच्या मागे लागू नये. माठारकामात तांबट हातोडीने ठोके देऊन भांड्याच्या अंगावर बारीक खळगे उठवतो. त्या प्रत्येक खळग्यात ज्योतीचे एक वेगळे प्रतिबिंब पडते. म्हणून घंगाळ गोठ्याच्या एका बाजूला, जरा मागे ठेवावे आणि त्याच्यासमोर दिवा असावा. त्याला पोचे आले असतील तर पुण्यातल्या आमच्या तांबट आळीत ते अजूनही काढून मिळतात, मात्र घरी ठोकून पाहू नये.

दिव्यांबद्दल एक कळकळीची विनंती. पेंढ्याजवळ घासलेटचा कंदील किंवा उघडी मेणबत्ती कदापि लावू नका. कंदिलाच्या काचेत बॅटरीवर चालणारा पिवळसर दिवा ठेवावा. गेल्या वर्षीच्या पांढऱ्या माळांनी खोली दवाखान्यासारखी दिसली असणार, कारण त्या बहुधा सहा हजार केल्व्हिनच्या आसपासच्या असतात (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर). खोक्यावर 2700 केल्व्हिन किंवा वॉर्म व्हाइट लिहिलेली एकच माळ घ्या. लाकूड, पितळ आणि पेंढा यांचा रंग त्याच उजेडात खुलतो. जुन्या बाजारात मिळणाऱ्या जुन्या विजेच्या माळा कितीही सुंदर दिसल्या तरी त्यांची वायर कडक होऊन तडकलेली असते, त्या लावू नयेत. जुनी रंगवलेली खेळणी मुलांच्या हातात देऊ नयेत, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. पेटीच्या लाकडातून पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि ती पेटी तूर्त घराबाहेर ठेवावी.

लाइपझिगहून

मी मूळची अहमदनगरची, सध्या जर्मनीत राहते. आपण वर्णन केलेले गोळे वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते. येथून फार दूर नसलेल्या थ्युरिंगिया प्रांतातल्या लाउशा या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नळीत फुंकर घालून असे गोळे करतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात ते पुठ्ठ्याच्या फाटक्या खोक्यांत मिळतात आणि विकणाऱ्या आजीबाई पुष्कळदा कोणता गोळा त्यांच्या घरात कोठे टांगलेला असे, तेही सांगतात. मी ते एका चिठ्ठीवर लिहून खोक्यातच ठेवते. आपल्या आजीच्या वस्तूंबद्दलही आताच लिहून ठेवा. माझ्या आईच्या वस्तूंबद्दल मी वेळेवर विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

सजावटीबद्दल येथे शिकलेली एक गोष्ट सांगते. एर्झगेबिर्ग हा येथला जुना खाणींचा डोंगराळ मुलूख. तेथे आगमन काळात, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांत, खिडकीत कमानीसारखे लाकडी दीपदान ठेवतात, त्याला श्विबोगेन म्हणतात. ते घराबाहेरच्या माणसासाठी असते, अंधारातून घरी येणाऱ्याला उजेड दिसावा म्हणून. एका खिडकीत बहुधा एकच दीपदान असते आणि शेजारी दुसरे काही नसते. मी पहिल्या हिवाळ्यात खिडकी गच्च भरली होती; शेजारच्या बाईंकडची खिडकी रस्त्यावरून पाहिल्यावर माझी खिडकी मीच रिकामी केली आणि आईने दिलेला पितळी तांब्या, त्यात देवदाराची एक फांदी आणि मागे दिवा, एवढेच ठेवले.

आपले दोन कंदील घराच्या आत ठेवण्यापेक्षा ओटीवर, दाराच्या दोन्ही बाजूंना टांगावेत असे मला वाटते. आपल्या सासूबाई दार उघडण्याआधीच त्यांना घर भेटेल.

ओटीवरून

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल खोली रिकामी केली. परातीत गोठा, मागे घंगाळ, बरणीत सहा गोळे आणि ओटीवर कंदील, एवढे ठरले आहे. इनॅमलचे ट्रे फराळासाठी स्वयंपाकघरात गेले आणि बाकीचे पेटीत. पेटीतून भुगा पडत नाही, हे पाहून घेतले. सासूबाईंना विचारल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: आजी पूर्वी गोठ्यामागे स्वतःचे जुने सुती लुगडे पडद्यासारखे लावत असे. ते लुगडे सापडले आहे, पण घडीवर विरले आहे आणि मागची भिंत पावसाळ्यानंतर अजून ओलसर आहे. ते लावावे की नाही, या विचारात आहे.

समुद्रकाठी

अवश्य लावा, पण भिंतीला टेकवू नका आणि त्यात खिळा किंवा टाचणी मारू नका. भिंतीपासून चार बोटे पुढे बांबूची आडवी काठी बांधा आणि लुगडे त्यावरून दुहेरी सोडा, म्हणजे सगळा भार घडीवर न येता काठीवर पसरेल आणि मागून वारा खेळेल. विरलेला भाग वर, काठीच्या मागच्या बाजूला जाईल असे पाहावे. दिव्यांची माळ लुगड्याला स्पर्श करणार नाही, याची काळजी घ्यावी. सण झाल्यावर त्याच घडीवर पुन्हा दुमडू नका; जुन्या धुतलेल्या चादरीबरोबर सैल गुंडाळी करून ठेवा. पेंढा आणताना तो पूर्ण वाळलेला आहे ना, हे हात घालून पाहावे, कारण ओल्या पेंढ्याची बुरशी सर्वांत आधी त्या सुती कापडालाच लागेल.