माणसं दुरावतात की आपण तोडतो? ‘एलियनेट’ आणि त्याच्या आसपासचे शब्द

प्रश्न

‘हाउ टू लूज फ्रेंड्स अँड एलियनेट पीपल’ हा २००८चा ब्रिटिश विनोदी चित्रपट आईबरोबर पाहिला. तिला इंग्रजी संवाद भरभर कळत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. अडखळले ती पहिल्याच पायरीवर, नावावर. मी म्हटलं, “मित्र कसे गमवावेत आणि लोकांना परकं कसं करावं.” आई म्हणाली, “परकं कोणी कोणाला करत नसतं गं. माणूस परका होतो.”

तिचं बरोबर आहे असं मला तेव्हाच वाटलं, पण दुसरा शब्द सुचला नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. सिडनी यंग हा लंडनमधला पत्रकार. बड्या लोकांची टर उडवणारं एक छोटं मासिक चालवतो आणि त्याच बड्या लोकांच्या मेजवान्यांत शिरायला धडपडतो. न्यूयॉर्कच्या ‘शार्प्स’ या मोठ्या मासिकाचा संपादक क्लेटन हार्डिंग त्याला नोकरीला बोलावतो. तिथं गेल्यावर सिडनी जवळजवळ प्रत्येकाला चिडवतो, दुखावतो, अवघडून टाकतो. सायमन पेगनं सिडनी केला आहे, जेफ ब्रिजेसनं संपादक.

नावाला नेमका मराठी शब्द हवा आहे. शिवाय सांगताना आणखी काही ठिकाणी अडले: सेलिब्रिटी, गॉसिप, पब्लिसिस्ट (म्हणजे नटनट्यांची प्रसिद्धी सांभाळणारा माणूस). आणि इंग्रजीत ‘ग्लॉसी’ म्हणतात त्या मासिकांना आपण काय म्हणायचं?

उत्तर

‘एलियनेट’च्या मुळाशी लॅटिन ‘आलिएनुस’ आहे. अर्थ ‘दुसऱ्याचा’. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा भावनेचा नव्हे, मालकीचा. एखादी वस्तू आपल्याकडून दुसऱ्याकडे गेली की ती ‘एलियनेट’ झाली. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘अन्यसंक्रामण’ आणि ‘हस्तांतरण’ आहेत. महसुलाच्या भाषेत त्याहून जुना आणि मला फार आवडणारा शब्द आहे ‘दुमाला’. जिच्या शेतसाऱ्यावरचा हक्क सरकारनं पूर्ण किंवा काही अंशी दुसऱ्याला देऊन टाकला, ती जमीन दुमाला. इंग्रज अमलातल्या कागदपत्रांत तिलाच ‘एलियनेटेड लँड’ म्हणत. काही गावांच्या नावांपुढं ‘दुमाला’ अजून टिकून आहे.

तत्त्वज्ञानात मार्क्सच्या विवेचनासाठी ‘परात्मता’ किंवा ‘परात्मभाव’ वापरतात: कामगार स्वतःच्याच श्रमाला, स्वतःच्या माणूसपणाला परका होतो तो भाव.

यातला एकही शब्द तुमच्या आईंना सांगता येणार नाही, हे उघड आहे. सिडनीनं लोकांचं अन्यसंक्रामण केलं म्हणणार कसं? माझ्या मते ‘दुरावणे’ घ्या: ‘मित्र गमवावेत कसे, माणसं दुरावावीत कशी’.

उत्तर

दुमाल्याबद्दल मनापासून आभार. हा संबंध माझ्या कधीच ध्यानात आला नव्हता. पण ‘दुरावणे’ला माझा विरोध आहे. कारण सविस्तर सांगतो, कारण इथं चित्रपटाचा सगळा विनोदच पणाला लागतो.

हे नाव मुळात एका दुसऱ्या नावाचं विडंबन आहे. डेल कार्नेगी यांचं १९३६चं पुस्तक मित्र कसे मिळवावेत आणि लोकांवर छाप कशी पाडावी हे शिकवतं. टोबी यंग या ब्रिटिश पत्रकारानं न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकातल्या आपल्या अपयशाच्या आठवणी २००१मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यानं कार्नेगींचं नाव उलटं करून वापरलं. चित्रपट त्या आठवणींवरून निघाला. म्हणजे आपल्याला नुसता ‘एलियनेट’चा अर्थ पुरत नाही, एक जोडी लागते. एक शब्द ऐकला की दुसरा आपोआप आठवला पाहिजे.

ती जोडी मराठीत तयार आहे. ‘जोडणे’ आणि ‘तोडणे’. आपण मित्र ‘मिळवत’ नाही, मित्र जोडतो. “त्यानं जन्मभर माणसं जोडली” हे मराठीत एखाद्याबद्दल काढलेले फार मोठे उद्गार आहेत. आणि उलट बाजूला “तो माणसं तोडतो”. यात भांडण आलं, फटकळपणा आला, चारचौघांत पाणउतारा करणं आलं, न विचारता सल्ला देणं आलं. सिडनीचं पूर्ण वर्णन या तीन शब्दांत होतं.

आता आईंचा मुद्दा. परकं कोणी करत नाही, माणूस परका होतो, हे त्यांनी व्याकरण न उच्चारता सांगितलेलं व्याकरण आहे. मराठीत जोड्या पाहा: फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे. पहिल्या रूपात गोष्ट घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. ‘दुरावणे’ बहुतेक वेळा घडणारं क्रियापद आहे. मित्र दुरावला म्हटलं की काळ, अंतर, गैरसमज, काहीही कारण असू शकतं आणि बोलणाऱ्याच्या स्वरात हळहळ असते. ‘तोडणे’मध्ये करणारा हात दिसतो. इंग्रजी ‘एलियनेट’मध्येही तो दिसतो.

म्हणून माझं सुचवणं: ‘मित्र गमवावेत कसे, माणसं तोडावीत कशी’.

उत्तर

‘तोडणे’ उत्तम. फक्त एक शंका. ‘तोडणे’त हेतू येतो ना? सिडनी मुद्दाम करत नाही. त्याला सगळ्यांनी आपलं म्हणावं असंच वाटत असतं.

उत्तर

हेतू येतोच असं नाही. “अशानं माणसं तोडशील” हे आपण ज्याला कळत नाही त्यालाच तर बजावतो.

प्रश्न विचारणारी

आईला ‘माणसं तोडावीत कशी’ सांगितलं आणि ती लगेच म्हणाली, “हां, मग कळलं.” त्यामुळे माझ्यापुरता निकाल लागला.

तुटणे–तोडणे वाचल्यावर चित्रपट पुन्हा डोळ्यांपुढून गेला. मेगन फॉक्सनं केलेली सोफी मेज ही उगवती तारका आपलं चिमुकलं कुत्रं सिडनीच्या भरवशावर सोपवते आणि ते त्याच्या हातून अपघातानं मरतं. तिथं ‘तोडलं’ म्हणवत नाही. पण कचेरीत तो ज्या खोचकपणे बोलतो, ज्याच्या-त्याच्या वर्मावर बोट ठेवतो, तिथं ‘तोडणे’ अगदी चपखल. एकाच माणसाच्या हातून काही तुटतं आणि काही तो तोडतो. इंग्रजी नावात हा फरक नाही, तो आपल्याकडे आहे, याचा मला खरंच आनंद झाला.

‘सेलिब्रिटी’चं बघाल का कोणी?

उत्तर

मी प्रयत्न करते.

लॅटिन ‘केलेबर’ म्हणजे जिथं लोकांची दाटी असते ते, गजबजलेलं. त्यावरून कीर्ती हा अर्थ आला. इंग्रजीत ‘सेलिब्रिटी’ हे आधी नुसतं भाववाचक नाम होतं, प्रसिद्ध असण्याची अवस्था. एकोणिसाव्या शतकात ते माणसाला लागू झालं. पुढं १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी इतिहासकार डॅनियल बूरस्टिन यांनी सेलिब्रिटीची व्याख्या केली तिचा आशय असा, की हा माणूस प्रसिद्ध असण्याबद्दलच प्रसिद्ध असतो.

आता आपले शब्द या व्याख्येपुढं ठेवून बघा. ‘प्रथितयश’मध्ये यश आहे. ‘कीर्तिवंत’मध्ये कीर्ती आहे, आणि ती मागं काहीतरी केल्याशिवाय येत नाही. ‘प्रसिद्ध’मध्येसुद्धा ‘सिद्ध’ बसलेला आहे. ‘नामवंत’ त्यातल्या त्यात मोकळा, पण आपण तो वैद्याला, वकिलाला, गायकाला लावतो. या सगळ्या शब्दांनी माणसाच्या कामाची हमी घेतलेली आहे. सोफी मेजला यातला एकही लावता येत नाही. तिचं मोठं काम अजून व्हायचं आहे, मुखपृष्ठ मात्र ठरलेलं आहे.

म्हणून मला ‘वलयांकित’ जवळचा वाटतो. वलय माणसाच्या बाहेर असतं. ते दुसरे कोणी तरी आखतात, आणि प्रकाश हलला की तेही हलतं. या चित्रपटातली माणसं दिवसभर हेच वलय आखण्याचं काम करतात. पण बोलताना ‘वलयांकित’ जड जातो, हे मान्य. “त्या पार्टीला वलयांकित व्यक्ती आल्या होत्या” असं आईला कोणी सांगणार नाही. ‘सेलिब्रिटी’ बोलण्यात रुळला आहे, तो राहू द्यावा.

क्लेटन हार्डिंगला मात्र मराठीत सुंदर शब्द आहे, ‘प्रस्थ’. “मोठं प्रस्थ आहे ते.” त्यात सत्ता आहे, दरारा आहे, आणि त्याच्या दारात ताटकळणारे लोकही आहेत. तारका, प्रस्थ, आणि त्यांच्यामागं पळणारा पत्रकार: एवढ्यात निम्मा चित्रपट सांगून होतो.

उत्तर

‘प्रस्थ’साठी आणखी एक पुरवणी. टोबी यंगच्या आठवणींत एक संवाद आहे. संपादक त्याला सांगतो की आपण पोचलो असं तुला वाटतंय, पण तू अजून पहिल्याच खोलीत आहेस; आत एकामागून एक अशा सात खोल्या आहेत. वाचताना मला आपला वाडा आठवला. ओसरी, मग सोपा, मग माजघर. पाहुण्याला कुठवर येऊ द्यायचं यावरून त्याचं नातं ठरायचं. ‘एक्सेस’ या शब्दाला ‘प्रवेश’ म्हणतात, पण बातमीदारीच्या या जगात त्याचा खरा अर्थ ‘माजघरापर्यंत जाता येणं’ असा आहे. सिडनी ओसरीवरचा माणूस. चित्रपटाच्या सुरुवातीला तर तो डुकराचं पिल्लू घेऊन मेजवानीत शिरतो, म्हणजे ओसरीवरचाही नाही, आगंतुकच.

उत्तर

गॉसिपवर लिहितो. इंग्रजीत या शब्दाची घसरण झाली आहे. जुन्या इंग्रजीत ‘गॉडसिब’ म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारा आप्त. पुढं जवळचा मित्र किंवा मैत्रीण, पुढं बाळंतपणाच्या खोलीत जमणाऱ्या बायका, आणि मग त्यांच्या गप्पांना हिणवत ‘रिकामटेकडी बडबड’. नात्याचा शब्द शेवटी निंदेला जाऊन पोचला.

मराठीत एक शब्द शोधू नका. आपल्याकडे या विषयात इतके बारकावे आहेत की एकच निवडला तर बाकीचे वाया जातात. ‘चहाडी’ ही वरच्या माणसाकडं जाऊन सांगतात. कचेरीत सिडनीबद्दल साहेबाला सांगतील ती चहाडी. ‘कुचाळकी’ पाठीमागं, टवाळीसाठी. ‘उखाळ्यापाखाळ्या’ भांडणात निघतात, जुन्या दोषांच्या. ‘कंडी’ पिकवतात, म्हणजे मुळात काही नसतानाच. आणि ‘वावडी’ उडवतात. वावडी म्हणजे मोठा पतंग. दोर कोणाच्या हातात आहे ते खालून दिसत नाही, म्हणून मासिकातल्या निनावी बातमीला माझं मत ‘वावडी’ला.

“त्यांच्यात काय चाललंय म्हणे?” यातलं ‘म्हणे’ही विसरू नका. एका अव्ययात अख्खा गॉसिप स्तंभ आहे. सांगणारा जबाबदारी झटकतो आणि बातमी पुढं जाते.

उत्तर

मग ‘पापाराझी’, म्हणजे बड्या लोकांच्या मागावर असणारे छायाचित्रकार, हाही घ्या, कारण तो शब्द या चित्रपटाच्या दारापर्यंत येतो. इटालियन दिग्दर्शक फेलिनींच्या १९६०च्या ‘ला डोल्चे व्हिटा’ या चित्रपटात मार्चेल्लो नावाचा पत्रकार आहे, बड्यांच्या भानगडींच्या बातम्या देणारा, आणि त्याच्याबरोबर छायाचित्रकार पापाराझ्झो. त्या पात्राच्या नावावरूनच जगभर हा शब्द पसरला. सहपटकथाकार एन्नीओ फ्लायानो यांनी ते नाव इंग्रज लेखक जॉर्ज गिसिंगच्या इटलीतल्या प्रवासवर्णनातल्या एका हॉटेलमालकावरून घेतल्याचं सांगितलं होतं. २००८च्या या चित्रपटात सिडनीच्या कचेरीतल्या, कर्स्टन डन्स्टनं केलेल्या अ‍ॅलिसनला ‘ला डोल्चे व्हिटा’ फार प्रिय, आणि शेवट त्याच्याच उघड्यावरच्या खेळाशी होतो. मार्चेल्लो आणि सिडनी, दोघं एकाच धंद्यातले, हे ध्यानात घेऊन तो शेवट पाहिला की जास्त भिडतो.

इटालियनमध्ये एक तो ‘पापाराझ्झो’, अनेक ते ‘पापाराझी’. मराठीत “एक पापाराझी आला” म्हणतात आणि मला ते चूक वाटत नाही. शब्द आपल्या घरी आला की आपलं व्याकरण पाळतो.

उत्तर

‘ग्लॉसी’ मासिकांना काय म्हणायचं, हे राहिलं. ‘चकचकीत’ म्हणता येईल, पण माझा आग्रह ‘गुळगुळीत’चा. गुळगुळीत कागद हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग आहे, आणि ‘गुळगुळीत लेखन’ म्हणजे कोणालाही न टोचणारं, सगळे कंगोरे घासून टाकलेलं. चित्रपटातला खरा पेच हाच आहे. सिडनी येतो तेव्हा त्याचं लेखन टोकदार. जिलियन अँडरसननं केलेली एलेनॉर जॉन्सन ही पब्लिसिस्ट त्याला सुचवते की माझ्या अशिलाबद्दल चांगलं लिही. तो कितीतरी दिवस नाकारतो. मग एकदा कबूल होतो, आणि तेव्हापासून त्याची भरभराट सुरू होते. कागद गुळगुळीत होताच, माणूसही झाला.

अशा लेखाला इंग्रजीत ‘पफ पीस’ म्हणतात. मराठीत ‘भलामण’ सौम्य पडते. ‘भाटगिरी’ बरोबर बसते, कारण भाटाला त्याचा मोबदला मिळतो.

प्रश्न विचारणारी

‘गुळगुळीत’ घेतला. ‘पब्लिसिस्ट’ मात्र अजून अडलाय. ‘प्रसिद्धी अधिकारी’ म्हटलं की प्रसिद्धी देणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. एलेनॉर तर उलट करते. कोणाला भेटू द्यायचं, काय विचारू द्यायचं, काय छापू द्यायचं नाही, हे ती ठरवते.

उत्तर

संस्कृत नाटकांतली ‘प्रतिहारी’ आठवते. राजाच्या दाराशी उभी असणारी, आत वर्दी देणारी. काम तेच आहे, फक्त नाटकातली प्रतिहारी आज्ञा पाळते आणि एलेनॉर आज्ञा देते.

प्रश्न विचारणारी

प्रतिहारी सुरेख आहे, पण आईला तो शब्द समजावायला पुन्हा पाच मिनिटं जातील. त्या प्रसंगी मी तिला इतकंच सांगितलं होतं, “हिला विचारल्याशिवाय त्या नटीशी कोणाला बोलता येत नाही.” तूर्तास शब्दाऐवजी हेच वाक्य ठेवते. कोणाला त्याहून आटोपशीर सुचलं तर जरूर लिहा.