शिकवणी व टंकलेखन संस्थेसाठी कर्ज: मुद्रा घ्यावे की पीएमईजीपी?

शिक्षिका_सातारा: नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका नगरपंचायतीच्या गावात मी आठवी ते दहावीचे शिकवणी वर्ग घेते. आता एक गाळा भाड्याने घेऊन शासनमान्य संगणक टंकलेखन संस्था सुरू करावयाची असून संगणक, टेबल-खुर्च्या आणि इन्व्हर्टर धरून खर्च साधारण ८ लाखांवर जाईल. घर सासऱ्यांच्या नावावर असल्याने तारण देता येणार नाही. ट्रस्ट स्थापन करून सरळ शाळाच काढावी, असेही काही नातेवाइकांचे म्हणणे आहे. यासाठी मुद्रा कर्ज घ्यावे की पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगासाठी सरकारी अनुदानासह कर्ज), याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शाखाधिकारी: ताई, मुद्रा या छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी योजनेत कर्ज बँकच देते. तुमची मागणी ५ ते १० लाखांच्या ‘तरुण’ गटात बसते आणि तारण लागत नाही. मात्र सरकारची हमी ही बँकेला असते, तुम्हाला नव्हे. हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडूनच होते आणि सिबिलही (कर्जफेडीचा गुणांक) बिघडते. मुद्रात अनुदान नाही, हा पीएमईजीपीशी असलेला मुख्य फरक.

शाखेत जाण्यापूर्वी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी कोणा एजंटला पैसे मोजू नका. शिकवणीची फी रोखीने घेत असाल, तर आजपासूनच ती खात्यात जमा करू लागा, कारण शाखाधिकारी आधी खातेउतारा पाहतो आणि वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या फीच्या नोंदींवर त्याला फारसे काही ठरवता येत नाही.

टंकलेखन_चालक: माझे मत पीएमईजीपीच्या बाजूने आहे, पण योजना केवळ नव्या उद्योगासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. चालू शिकवणीचा विस्तार म्हणून प्रस्ताव दिलात, तर तो तिथेच अडकेल. टंकलेखन संस्था हा स्वतंत्र, नवा प्रकल्प म्हणूनच मांडा. सेवा उद्योगासाठी प्रकल्पखर्चाची मर्यादा २० लाख आहे. महिलांना स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात. अनुदान शहरी भागात २५ टक्के, तर ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. नगरपंचायतीची हद्द शहरी धरली जाते, त्यामुळे ८ लाखांवर २ लाख मिळतील. तोच गाळा लगतच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असता, तर २ लाख ८० हजार मिळाले असते. अर्थात मुलींना संध्याकाळी एसटी स्टँडपासून चालत येता येईल, अशी जागा ८० हजारांसाठी सोडावी, असे मी म्हणणार नाही.

अनुदान हाती पडत नाही. ते तीन वर्षे तुमच्या नावे मुदत ठेवीत राहते आणि तेवढ्या रकमेवर बँक व्याज आकारत नाही. मध्येच संस्था बंद केली, तर ते परत जाते. गाळ्याची अनामत आणि पहिल्या काही महिन्यांचे भाडे मात्र स्वतःजवळ ठेवा. कर्जाचा भर संगणक आणि फर्निचरवर असू द्या आणि त्यांची कोटेशने जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानदाराकडूनच घ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिला हप्ता केव्हा सुरू होणार, हे मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. हप्ता दर महिन्याला येतो, फी मात्र प्रवेशाच्या हंगामात येते. सवलतीची मुदत (हप्ते सुरू होण्यापूर्वीचा काळ) एप्रिल-मेमध्ये संपली, तर वर्ग रिकामा असताना हप्ते भरावे लागतात.

न्यास_सल्लागार: ट्रस्टविषयी थोडे. महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदानाविना चालणारी) शाळा नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट), संस्था किंवा ना-नफा कंपनीलाच काढता येते. व्यक्तीच्या नावावर ती निघत नाही. न्यासाने कर्ज घ्यावयाचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी नसताना विश्वस्तांनी उचललेले कर्ज पुढे त्यांच्याच अंगावर येऊ शकते. ८ लाखांच्या संगणकांसाठी हा सारा खटाटोप कशाला? टंकलेखन संस्था स्वतःच्या मालकीची ठेवा; शाळेचा विचार स्वतंत्रपणे करावा.

शिक्षिका_सातारा: सर्वांचे आभार. पीएमईजीपीचा अर्ज करण्याचे ठरवत आहे. टंकलेखन संस्थेची शासकीय मान्यता अर्जापूर्वीच हाती असावी लागते का?

टंकलेखन_चालक: मान्यतेसाठी जागा आणि संगणक दाखवावे लागतात, तर संगणकांसाठी कर्ज लागते, हा पेच खरा आहे. मान्यतेच्या अटी आणि गाळ्याचा भाडेकरार प्रकल्प अहवालाला जोडा, आणि मान्यतेला लागणारा काळ गृहीत धरूनच हप्त्याची सवलत मागा.