मदत हवी आहे: लँकेस्टरच्या 'डची'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या ड्यूकांवर (सर्वांत वरच्या दर्जाच्या सरदारांवर) लेख लिहितेय आणि 'डची' (ड्यूकची मिळकत) या एका शब्दापाशी अडलेय.

१३५१ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने हेन्री ऑफ ग्रॉसमाँटला ड्यूक केलं, तेव्हा किताबाबरोबर लँकेशरमध्ये स्वतःची न्यायालयं चालवायचा हक्कही दिला. १३६१ मध्ये तो वारला. मुलगा नव्हता, म्हणून मिळकत शेवटी जावयाकडे, राजपुत्र जॉन ऑफ गाँटकडे आली. (१३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लोकांनी याचाच लंडनचा सॅव्हॉय वाडा जाळला, पण लुटला नाही, सोन्याचांदीची भांडी फोडून टेम्समध्ये फेकली!) १३९९ मध्ये जॉन गेला आणि तेव्हाचा राजा दुसऱ्या रिचर्डने त्याच्या मुलाचा वारसा जप्त केला. तोच मुलगा, हेन्री बोलिंगब्रोक, त्याच वर्षी राजा झाला. मात्र ही मिळकत त्याने राजगादीच्या मालमत्तेत मिसळू दिली नाही. ती आजही राजाकडे वेगळीच आहे.

मग हिला जहागीर म्हणू की वतन? 'सरंजाम' मला पटत नाही, तो चाकरीसाठी दिलेला. 'वतन' वंशपरंपरेला जुळतं, पण न्यायदानाचा हक्क त्यात येतो का? मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांनी कृपया सांगा. नुसतं 'डची' लिहायला मन धजत नाही.