'स्वाधीन' म्हणजे नक्की कोणाच्या हातात?

माजघर: बिटकॉइनसारखं डिजिटल चलन सांभाळणाऱ्या एका क्रिप्टो वॉलेटच्या अ‍ॅपचं मराठीकरण करतोय. 'सेल्फ-कस्टडी'ला, म्हणजे चलनाच्या चाव्या स्वतःकडेच ठेवण्याला, मी 'स्वाधीन वॉलेट' लिहिलं. स्व अधिक अधीन, म्हणजे आपल्याच हाती. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "कोणाच्या स्वाधीन केलंत?" चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात, हे डोक्यातच आलं नव्हतं. अर्थ पार उलटा! दुसरा शब्द सुचवा. बटणावर जेमतेम दहा-बारा अक्षरं मावतात.

उंबरठा: 'स्व-अभिरक्षा'. कायद्यातला तयार शब्द आहे.

दहीभात: अभिरक्षा वाचून माझी आई अ‍ॅपच काढून टाकेल. सरळ 'ताबा' म्हणा की.

उंबरठा: ताबा म्हणजे मालकी नव्हे. आमच्या सातबाऱ्यावर नाव आजोबांचं आणि शेत कसतोय भलताच.

भरड: इथे सातबाराच नाही हो. बिटकॉइन पाकिटात नसतंच, नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवरच्या सामायिक वहीत असते. आपल्याकडे फक्त सही करायची खासगी चावी. एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे ठेवलं की चावी त्यांची, आपल्या नावाची त्यांच्या वहीत ओळ. २०१४मध्ये माउंट गॉक्स हे बिटकॉइन एक्स्चेंज बुडालं तेव्हा ग्राहकांकडे ती ओळच उरली. माजघर, तुमच्या अ‍ॅपमध्ये चाव्या कोणाकडे?

माजघर: तीन चाव्या, व्यवहाराला कुठल्याही दोन लागतात. एक फोनमध्ये, एक कंपनीकडे, तिसरी ग्राहकाने कागदावर उतरवलेल्या चोवीस शब्दांत.

भरड: मग कंपनी बुडाली तरी पैसे हलतात, आणि कंपनी एकटी हलवू शकत नाही. माझ्या मते हा स्वतःचाच ताबा. कंपनीकडे दोन असत्या तर नाव काहीही द्या, ती ठेवच.

दहीभात: आमच्या भाऊरायांनी ते शब्द गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेत. वहिनी ते पुस्तक दर वेळी सिलिंडरवाल्याच्या स्वाधीन करते!

उंबरठा: 'चावी' पोर्तुगीज आहे. निदान 'किल्ली' तरी लिहा. आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, चाव्यांचा नाही.

दहीभात: मग पगार आणि बटाटाही परत करा पोर्तुगीजांना.

माजघर: मंडळी, बटणावर काय लिहू? संध्याकाळी फाइल द्यायचीय.

वाळवण: किल्ली तरी कुठली सोवळी? बेळगावकडे कानडीत 'कीली' म्हणजे कुलूप. आमच्या शेजारच्या अक्का "कीली हाक" (कुलूप लाव) म्हणाल्या की मी किल्ली शोधत बसायचे.

उंबरठा: छे, ती संस्कृत 'कील'वरूनच आलेली. खुंटी, खिळा, तेच कुळ.